पूर उतरल्यावर काठ का ढासळतो? विश्वामित्रीच्या शंभर मीटरवर दोन तक्ते

पूर उतरायला लागला की बडोदेकर हुश्श करतात, पण काठ नेमका त्याच वेळी ढासळतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बडोद्याच्या विश्वामित्री नदीनं शहरातल्या काळ्या घोड्याजवळ ३५ फुटांची रेघ ओलांडली. धोक्याची रेघ २५ फुटांवर आहे. अशा पुरात पाणी चढत असताना काठाला खरं तर आधार मिळत असतो, कारण नदीतलं पाणी बाहेरून मातीला रेटून धरतं. त्याच दिवसांत माती आतून पाणी पिते. मग वरच्या आजवा धरणातून येणारं पाणी थांबतं, पातळी झपाट्यानं खाली येते आणि बाहेरचा रेटा निघून जातो. आतलं पाणी मात्र इतक्या लवकर निथळत नाही. एक मीटर जाड, सहा मीटर उंच आणि दहा मीटर लांब अशी मातीची फळी धरा. कोरडी असताना तिचं वजन साधारण ९६ टन भरतं, चिंब झाल्यावर १२० टन. चोवीस टन वाढले, आधार गेला आणि पाण्यानं मातीची पकडही सैल केली. दरड दुपारच्या उन्हात, पाऊस थांबल्यावर का पडते, त्याचं कारण एवढंच.

काठ पाहायला गेलेल्या माणसाच्या मनात दोन प्रश्न असतात आणि तो बहुतेक वेळा त्यांची सरमिसळ करतो. पहिला प्रश्न: हा काठ टिकेल का? दुसरा: इथं जीव राहू शकतील का? प्रत्येकासाठी वेगळा तक्ता आहे आणि त्यांची उत्तरं बरेचदा उलटी येतात. सिमेंटनं बांधलेला काठ पहिल्या तक्त्यात पैकीच्या पैकी गुण घेतो आणि दुसऱ्यात नापास होतो. उलट उभी, उघडी, मातीची दरड पहिल्यात नापास होते. पण विश्वामित्रीतल्या मगरी बिळं खणतात ती अशाच काठांत, आणि खंड्या व वेडा राघू यांचीही घरटी तिथंच असतात. २०२५ च्या फेब्रुवारीत झालेल्या मोजणीत या नदीत चारशेहून जास्त मगरी दिसल्या. म्हणून दोन्ही तक्ते भरायचे, शेजारी ठेवायचे आणि त्यांची बेरीज कधीही करायची नाही.

जागा, वेळ आणि जीव सांभाळणं

तपासायचा तुकडा १०० मीटरचा घ्या. दुसरी एक पद्धत पात्राच्या रुंदीच्या बारापट लांबी घ्यायला सांगते. पात्र २० मीटर रुंद असेल तर ते २४० मीटर होतात. माणसं पुरेशी असतील तर हे जास्त चांगलं. तुकडा पुलापासून निदान १०० मीटर वरच्या अंगाला हवा. पुलाच्या खांबांपाशी पाणी भोवरा घेतं, तळ खरवडतं आणि तिथले आकडे बाकी नदीबद्दल काहीच सांगत नाहीत. पण गाडी लावायला सोय म्हणून बहुतेक लोक पुलावरूनच पाहतात, आणि शहरातली निम्मी पाहणी तिथंच बिघडते.

डावा-उजवा काठ ठरवताना तोंड प्रवाहाच्या दिशेला हवं. बडोद्यात नदी ढोबळमानानं उत्तरेकडून दक्षिणेकडे जाते, म्हणून रावपुरा, दांडिया बाजार, मांडवीची बाजू डावी आणि सयाजीगंज, अलकापुरीची उजवी. वळणावर हे उलटंपालटं वाटतं, तेव्हा कागदाच्या डोक्यावर बाण काढून ठेवा.

वेळ नोव्हेंबर ते जानेवारीची घ्या. पाणी उतरलेलं असतं, पुराच्या खुणा ताज्या असतात आणि गवत अजून मेलेलं नसतं. फेब्रुवारीपासून मगरी काठावरच्या मोकळ्या, भुसभुशीत मातीत खड्डे करून अंडी घालू लागतात आणि पिल्लं पावसाच्या तोंडावर बाहेर येतात. त्या काळात काठावर हत्यार चालवायचं नाही, मादी जवळच असते. मगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे काठाला हात लावण्याआधी वन खात्याला विचारणं भाग आहे. पाण्यात उतरणं कुठल्याच महिन्यात नाही. इतर देशांतल्या पुस्तिका गमबूट घालून प्रवाहात उभं राहायला सांगतात. त्या लिहिणाऱ्यांच्या नदीत मगरी नव्हत्या.

सामान फारसं लागत नाही. ३० मीटरची टेप, दर १० सेंटिमीटरला पट्टे रंगवलेला दोन मीटरचा बांबू, दुर्बीण, कोन दाखवणारं मोबाइलचं अॅप, झाकणाच्या चार काचेच्या बरण्या, खुरपं आणि पेन्सिल. पेन नको, ओल्या कागदावर शाई पसरते.

राहण्याजोगेपणाचा तक्ता

या कामासाठी बऱ्याच ठिकाणी वापरली जाते ती अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची झटपट पाहणीची पद्धत. तिचा आजचा रूढ मसुदा १९९९ चा आहे. दहा बाबी, प्रत्येकीला २० गुण, एकूण २००. सोळापासून पुढे उत्तम, ११ ते १५ बरी, ६ ते १० जेमतेम, त्याखाली वाईट. तिचे दोन छापील तक्ते आहेत: एक उताराच्या, दगडगोट्यांच्या ओढ्यांसाठी आणि दुसरा सपाटीवरच्या, मातीच्या तळाच्या नद्यांसाठी. पावागडच्या पायथ्याशी वरच्या ओहोळांवर काम असेल तर पहिला घ्या. बडोदा शहरात दुसराच हवा. पहिला घेतलात तर तो दगड गाळात किती रुतलेत, खळाळ किती आहेत असं विचारत राहील आणि सपाटीच्या नदीला तिच्या स्वभावाबद्दलच नापास करील.

सपाटीच्या तक्त्यातल्या सगळ्या बाबी सारख्या अवघड नाहीत. पात्र कुठं सरळ केलंय, कुठं भिंत घातलीय हे दुरूनही कळतं. २०२५ च्या उन्हाळ्यात शहरातलं पात्र रुंद-खोल करण्याचं काम झालं. तो तुकडा ‘पात्रात फेरफार’ या बाबीत खालीच जाणार, त्यात वादाला जागा नाही. डोह लहान-मोठे, उथळ-खोल असे चारही प्रकारचे असतील तर गुण चांगले. गाळानं तळाचा २० टक्क्यांहून कमी भाग झाकला असेल तर उत्तम, ८० टक्क्यांच्या वर गेला तर वाईट. नदीच्या वळणांची बाब मात्र या तक्त्यात फार कडक आहे. सरळ अंतराच्या तिप्पट-चौपट लांबी असेल तरच पूर्ण गुण, असं ती म्हणते. एरवी दीडपट भरली की नदीला वळणदार म्हणायची रीत आहे. नकाशावर दोरा टाकून नदीची लांबी मोजा, दोन टोकांमधल्या सरळ अंतरानं भागा आणि आकडा कागदावर लिहून ठेवा. गुण देताना हात जरा सैल सोडला तरी चालेल, पण तसं केल्याची नोंद हवी.

चुका होतात त्या तीन ठिकाणी.

पहिली आडोशाची. माशांना, कासवांना, पाणकिड्यांना दडायला जागा किती, हे इथं पाहायचं: बुडालेली झाडं, पाण्यात लोंबणारी मुळं, काठाखालच्या कपारी, पाण्याखालच्या वनस्पती. नवखा माणूस जलपर्णीची हिरवी चादर पाहून भरभरून गुण देतो. तरंगणारी जलपर्णी हा आडोसा धरायचा नाही. ती ऊन अडवते, खाली कुजते आणि पाण्यातला प्राणवायू खाते. तसंच नुकतंच पडलेलं, पानं हिरवी असलेलं झाड अर्ध्याच गुणांचं. पुढच्या पुरात ते वाहून जाऊ शकतं. गाळात रुतून दोन पावसाळे काढलेलं खोड पूर्ण गुणांचं.

दुसरी पाण्याच्या भरण्याची. पात्राचा तळ पाण्यानं किती झाकलाय ते पाहून गुण द्यायचे असतात. दोन्ही काठांच्या पायथ्यापर्यंत पाणी असेल तर उत्तम. पण उन्हाळ्यात शहरातल्या विश्वामित्रीत वाहणारं बरंचसं पाणी सांडपाणी असतं. भुखी कांस आणि तिच्यासारख्या इतर कांसा, म्हणजे शहरातले नाले, वर्षभर काही ना काही आणून ओततात. म्हणून एप्रिलमध्ये या बाबीला १६ गुण मिळतात आणि नदीला मात्र श्वास घेता येत नाही. तक्ता खोटं बोलत नाही, त्यानं पाण्याची चव विचारलेलीच नाही. इथं गुणांच्या शेजारी ‘पाणी कुठून येतं’ हा एक रकाना हातानं आखून घ्या. जमलं तर पाण्यातल्या किड्यांची पाहणी वेगळी करा. लाल गांडुळासारखे किडे आणि डासाच्या नात्यातल्या माशीच्या लालसर अळ्या तेवढ्या सापडल्या तर पाण्यात प्राणवायू कमी आहे. मेफ्लाय, स्टोनफ्लाय या किड्यांची पिल्लं दिसली तर पाणी चांगलं. ही पाहणी वरच्या, मगरी नसलेल्या ओहोळांतच करायची.

तिसरी काठावरच्या झाडोऱ्याच्या रुंदीची. पाण्याच्या कडेपासून आत १८ मीटरपेक्षा जास्त रुंद, माणसानं न छेडलेला पट्टा असेल तर उत्तम. सहा मीटरपेक्षा कमी असेल तर वाईट. दोन्ही काठांना वेगवेगळे, दहा-दहा गुण. हिरवं दिसलं की मोजायचं, असं इथं चालत नाही. शहरातल्या कमाटीबागेत नदीकाठी हिरवळ आहे, पण कापलेली हिरवळ म्हणजे झाडोरा नव्हे. वेडी बाभूळ दाट असेल तर ती मुळांनी काठ धरते हे खरं, पण तिच्या खाली दुसरं फारसं काही उगवत नाही. आमच्या मते तिला रुंदीचे गुण द्यावेत आणि झाडोऱ्याच्या आच्छादनाच्या बाबीत दोन-तीन गुण कापावेत.

दोन माणसांनी एकमेकांना न दाखवता गुण द्यायचे आणि मग ताडून पाहायचं. एखाद्या बाबीत तीनपेक्षा जास्त फरक पडला तर सरासरी काढून मोकळं होऊ नका. परत काठावर जा आणि कोणाला काय दिसलं ते बोटानं दाखवायला सांगा. नव्वद टक्के वेळा एक जण पूर्ण तुकडा पाहत असतो आणि दुसरा समोर दिसणारे वीस मीटर.

शेवटचा आकडा एकटा काही सांगत नाही. शहराच्या वरच्या अंगाला, त्याच मातीतला, तेवढ्याच रुंदीचा, कमी छेडलेला एक तुकडा शोधायचा आणि तोच तक्ता तिथं भरायचा. तिथं १५० आले आणि शहरात ८४, तर ५६ टक्के. नव्वदच्या वर म्हणजे तोडीस तोड. साठच्या खाली गेलं की पाणी उद्या स्वच्छ केलं तरी जीव परत येतीलच असं नाही, कारण त्यांना राहायला जागा उरलेली नसते.

काठाची माती

टिकाऊपणाचा तक्ता हातात घेण्याआधी मातीकडे वळा. पुरानं नुकत्याच कापलेल्या ताज्या दरडीवर माती थरांत दिसते. वर तांबूस-पिवळा गाळ, मध्ये चुन्याच्या खड्यांचा कंकर, मध्येच हातभर वाळू, त्याखाली चिकण. बाहेरून सगळं एकाच रंगाचं वाटतं, कारण वरून ओघळलेल्या चिखलानं ते सारवलेलं असतं. पडून खाली आलेली, हाताशी सुरक्षित असलेली ढेकळं घ्या आणि प्रत्येक थराचा नमुना वेगळ्या बरणीत टाका. एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर कपड्यांची पावडर. पाच मिनिटं जोरात हलवा आणि ठेवून द्या. मिनिटाभरात बसते ती वाळू. दोन तासांत बसतो तो बारीक गाळ. दुसऱ्या दिवशीही वरचं पाणी गढूळच राहिलं तर ती चिकणमाती. बरणीवर तिन्ही थरांच्या रेघा मारा म्हणजे प्रमाण मिळतं. घाई असेल तर ओली माती अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबत पट्टी काढा: अडीच सेंटिमीटरच्या आत तुटली तर चिकण कमी, पाचच्या पुढे गेली तर भरपूर.

एवढं खटाटोप करायचं कारण, काठ पडण्याची तऱ्हा मातीवर ठरते. चिकणमातीचा काठ अखंड फळीसारखा सुटतो किंवा पाठीमागून वाटीसारखा घसरतो. वाळूचा काठ दाणा-दाणा ओघळतो. वर चिकण आणि खाली वाळू असेल तर पाणी वाळू पोखरून नेतं, वरची चिकण छज्जासारखी लोंबत राहते आणि एक दिवस गवतासकट खाली येते. बडोद्याच्या आसपास काळी माती लागली तर उन्हाळ्यात तिला मोठाल्या भेगा पडतात. पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांत शिरतं आणि फळी मागच्या बाजूनं सुटायला लागते.

म्हणून काठाच्या कडेला समांतर जाणारी भेग शोधा. ती बहुतेक कडेपासून अर्धा ते दोन मीटर आत असते आणि गवतात लपते. पावलानं गवत बाजूला सारत, कडेपासून लांबूनच चालत जा. भेग सापडली तर त्या तुकड्यावर कोणीही उभं राहायचं नाही. वाकलेली झाडं, ताठ असलेला पण वर माती नसलेला मुळांचा पिंजरा, खाली साचलेल्या ढिगाऱ्यावर अजून हिरवं असलेलं गवत, या ताज्या पडझडीच्या खुणा. खालच्या ढिगाऱ्यावर दोन वर्षांची झुडपं उगवली असतील तर काठ सध्या थांबलाय.

शहरात आणखी एक प्रकार भेटतो आणि तो कुठल्याच परदेशी तक्त्यात नाही: मलब्याचा काठ. घर पाडल्यावरच्या विटा, फरशा, प्लास्टिक कडेवर ओतून तयार झालेली जमीन. वरून ती सपाट आणि भक्कम दिसते. तिला चिकटपणा नसतो, मुळं रुजत नाहीत आणि तिचं सगळं वजन खालच्या खऱ्या मातीवर पडतं. असा काठ दिसला तर आकडेमोड बाजूला ठेवा आणि ‘भराव’ असा शेरा मारा.

नेहमीच्या पुराची रेघ

काठाच्या बहुतेक हिशोबांना एक पातळी लागते. साधारण दर दीड-दोन वर्षांनी येणाऱ्या पुरात पाणी जिथपर्यंत चढतं ती. नदी आपलं पात्र घडवते ती याच पाण्यानं. हिची खूण पात्राच्या आत असते: चिंचोळी सपाट पायरी, उतार एकदम बदलतो ती जागा, वळणाच्या आतल्या बाजूच्या गाळाच्या ढिगाचा माथा, बारमाही झुडपं सुरू होतात ती ओळ. यातल्या किमान दोन खुणा एकाच उंचीवर जुळल्या तरच रेघ मानायची.

बाभळीच्या फांद्यांना लटकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या ही खूण धरू नका. त्या २०२४ सारख्या अचाट पुरानं टांगलेल्या असतात. त्या उंचीला रेघ मानली की काठ बुटका ठरतो, गुण सुधारतात आणि अहवाल गोड लागतो. काठाचा वरचा टोकाचा भागही रेघ नव्हे. विश्वामित्रीसारखी खोल रुतलेली नदी नेहमीच्या पुरात काठ भरून वाहत नाही.

काठाच्या घसरणीचा हिशोब

काठ किती धोक्यात आहे ते मोजायला अमेरिकी नदीतज्ज्ञ डेव्हिड रॉसगेन यांची ‘बेही’ (काठाच्या धुपेच्या धोक्याचा निर्देशांक) ही पद्धत सोपी पडते. पाच बाबी, प्रत्येकीला एक ते दहा. इथं जास्त गुण म्हणजे जास्त धोका, आधीच्या तक्त्याच्या बरोबर उलट. दोन्ही कागद एकाच फाईलमध्ये ठेवले की हमखास गोंधळ होतो, म्हणून या कागदाचा रंग वेगळा ठेवावा.

एक कल्पित काठ घेऊ. उंची मोजायची आहे आणि खाली उतरायचं नाही. समोरच्या काठावर सुरक्षित जागी उभे राहा. उपग्रहाच्या नकाशावरून आडवं अंतर काढलं, ३० मीटर. मोबाइलवर दरडीच्या माथ्याचा कोन वर ५ अंश आला, पायथ्याचा खाली ६.५ अंश. दोघांचे टॅन (त्रिकोणमितीतलं गुणोत्तर) ०.०८७ आणि ०.११४, बेरीज ०.२०१, गुणिले ३०, म्हणजे सहा मीटर. नेहमीच्या पुराची रेघ पायथ्यापासून तीन मीटरवर.

उंचीचं प्रमाण ६ भागिले ३, म्हणजे २. तक्त्यात १.६ ते २ हा ‘जास्त’ धोक्याचा टप्पा, त्याचं वरचं टोक, गुण ७.९. मुळं कापलेल्या दरडीवर १.२ मीटरपर्यंत दिसतात, १.२ भागिले ६ म्हणजे ०.२, गुण ७.२. त्या मुळांच्या पट्ट्यात निम्म्याहून कमी, समजा ४० टक्के भाग मुळांनी व्यापलाय. पण हे ४० टक्के पूर्ण काठाचे नव्हेत, वरच्या पाचव्या हिश्श्याचे आहेत. म्हणून ४० गुणिले ०.२, म्हणजे आठ टक्के; गुण ८.७. हा गुणाकार विसरला तर काठाला उगाच साडेतीन गुणांची सूट मिळते, आणि सर्वांत जास्त चूक इथंच होते. दरडीचा कोन ८५ अंश, गुण ६.८. दगड, पालापाचोळा, झुडपं यांनी झाकलेला भाग २० टक्के, गुण ७.२.

बेरीज ३७.८. तीस ते ३९.५ हा ‘जास्त’ धोका.

आता मातीचा हिशोब. गाळ-चिकण असेल तर काही मिळवायचं नाही. पूर्ण काठ वाळूचा असेल तर दहा मिळवायचे, मोठे गोटे असतील तर दहा वजा. आपला काठ चिकणाचा, पण बरणीत एका थरातून वाळू निघाली होती आणि तो थर पायथ्याजवळ, नेहमीच्या पुराच्या रेघेखाली आहे. अशा थरासाठी पाच ते दहा गुण वाढवायचे असतात. दहा वाढवले की ४७.८. ‘जास्त’ वरून एकदम शेवटच्या, ‘अतिरेकी’ पायरीवर. मघाची चिखलानं सारवलेली, हातभर जाडीची वाळू एवढा फरक पाडते.

याच काठापुढचा तळ एक मीटर खोल केला तर? नेहमीच्या पुराचं पाणीही तळाबरोबर खाली बसतं, म्हणून रेघेची उंची तीनच मीटर धरा. काठ सात मीटरचा होतो. प्रमाण २.३, मुळं पोचतात ती फक्त सतरा टक्क्यांपर्यंत. खोलीकरणानं पुराचं पाणी लवकर निघून जातं हे खरं, पण काठ त्या मानानं सपाट उताराचे केले नाहीत तर पुढची काही वर्षं नदी ते काम स्वतः करते, म्हणजे काठ पाडून रुंद होते. मग पडलेला गाळ तळात साचतो आणि आत नवी पायरी तयार होते. तळ उकरलेल्या नद्यांत हा क्रम जगभर पाहिला गेलाय.

बेही काठाची प्रकृती सांगते, पाण्याचा मारा सांगत नाही. वळणाच्या बाहेरच्या बाजूला खोल डोह काठाला खेटून असेल, किंवा समोरून कांस येऊन धार थेट काठावर आपटत असेल, तर बेहीचे ४० गुणही दुप्पट वाईट समजावेत. वळणाच्या आतल्या बाजूला तेच ४० गुण वर्षानुवर्षं तसेच राहू शकतात.

खरी धूप मोजणं

गुण हा अंदाज झाला. खरं किती गेलं ते कळायला काठामागे दहा मीटरवर सिमेंटचा खुंट रोवा आणि त्यापासून कडेपर्यंतचं अंतर ज्येष्ठात एकदा आणि दिवाळीनंतर एकदा मोजा. टेप दरवेळी त्याच दिशेत धरली पाहिजे, म्हणून मागे दुसरा खुंट रोवून दोघांची रांग जुळवा. कडेला समांतर भेग दिसत असेल तर टेपचं टोक काठीनं पुढे सरकवा, माणूस पुढे जाऊ देऊ नका.

दरडीत आडव्या सळ्या ठोकण्याची पद्धतही आहे. आठ-दहा मिलिमीटर जाड, मीटरभर लांब सळी, पाच सेंटिमीटर बाहेर. पुरानंतर किती उघडी पडली ते मोजायचं. पुस्तकात हे छान दिसतं. शहरात त्या सळ्या पुराआधीच भंगारवाला काढून नेतो, आणि मगरीच्या बिळाच्या जागी त्या ठोकणं योग्यही नाही. खुंट आणि फोटो बरे. फोटो दरवेळी एकाच जागेवरून, रंगवलेला बांबू चौकटीत धरून. जुन्या उपग्रह चित्रांवरून काठ सरकल्याचं मोजता येतं, पण दोन चित्रं एकमेकांवर काही मीटरनं चुकीची बसू शकतात. पाच मीटरच्या आतल्या फरकावर बोलू नये.

दोन्ही तक्ते समोर ठेवल्यावर

काठ घसरणीत वाईट आणि राहण्याजोगेपणात चांगला, असं आलं तर आधी कारण शोधा. पायथा पोखरला जात असेल तर वर कितीही झाडं लावली तरी ती झाडं काठासकट खाली येतील. आधी पायथ्याला मोठे दगड किंवा लाकडी ओंडके. वरच्या पाण्याची धार उतरत असेल तर ती वळवा. मलब्याचं वजन असेल तर मलबा उचला, हा सर्वांत स्वस्त उपाय असून सर्वांत कमी केला जातो. मधल्या उतारावर वाळा चांगला. उतार निदान दोनास एक (आडवं दोन, उभं एक) करून, पावसाच्या सुरुवातीला, दहा-पंधरा सेंटिमीटरवर एक ठोंब, उंचीत मीटरभर अंतरानं ओळी. त्याची मुळं दोन-तीन मीटर खाली जातात. सावलीत तो मरतो, म्हणून वेड्या बाभळीखाली लावून पैसे घालवू नका.

ज्या दरडीत मगरीची बिळं किंवा खंड्यांची भोकं आहेत आणि मागे घर, रस्ता, पाण्याची लाइन असं काही नाही, ती उघडीच राहू द्यावी. मागे पंचवीस-तीस मीटर मोकळी जागा असेल तर नदीनं त्यातले दोन-चार मीटर घेतल्यानं कोणाचं बिघडत नाही. मागे वस्ती असेल तर हिशोब वेगळा. तिथं दगडी जाळीचे गठ्ठे लागतीलच, पण त्यांच्यात दर काही अंतरावर मातीचा उतार मोकळा सोडता येतो, म्हणजे मगरीला ऊन खायला वर येता येतं. असा उतार नसलेल्या लांबलचक भिंतीपाशी मगरी चढायला जागा शोधत भिंतीच्या टोकापर्यंत जातात. हे टोक एखाद्या सोसायटीच्या फाटकाशी येत असेल, तर ते भिंतीच्या आराखड्यावरच दिसायला हवं.